उपनगर मतदारसंघातली बाद मतं

नागपूर उपनगर नावाचा लोकसभेचा एक मतदारसंघ होता आणि तो दहा वर्षं जगला. आज तो दहा माणसांनाही आठवत नाही, असं वाक्य ताराचंद नखाते यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण त्यांनी प्रत्यक्षात सातच माणसांना विचारलं होतं.

शहात्तराव्या वर्षी हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं नव्हतं. काटोल रोडपासून आत, बोरनाला वस्तीत एक वाचनालय आहे. शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मास्तर रोज सकाळी दहाला तिथं जात, खिडकीजवळच्या बाकावर बसत आणि साडेबाराला उठत. यंदा वाचनालयाला पन्नास वर्षं होणार म्हणून ते चालवणाऱ्या माया गजभियेनं स्मरणिका काढायची ठरवली. जाहिराती आल्या, शुभेच्छा आल्या, मजकूर कोणी देईना. मग एक दिवस ती मास्तरांच्या बाकाशी येऊन म्हणाली, "सर, तुम्ही एवढं वाचता, तर आपल्या भागाबद्दल काहीतरी लिहा नं." वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, असं मास्तरांना सांगायचं होतं. पण कोणालाही नाही म्हणायला त्यांना बराच वेळ लागे. तेवढ्यात माया दुसऱ्या कामाला लागली होती.

विषय त्यांनी असा निवडला, की ज्यात चूक काढायला कोणी उरलेलं नसेल.

१९६७च्या निवडणुकीआधी सीमा नव्यानं आखल्या गेल्या. तेव्हा शहराच्या मतदारसंघात न मावणाऱ्या वस्त्या आणि खेड्यांच्या मतदारसंघाला नको असलेली गावं एकत्र करून उपनगर तयार केला. नकाशात तो लुगड्याच्या काठासारखा शहराभोवती फिरत होता. एका अंगाला काटोलकडच्या संत्र्यांच्या बागा, मध्ये विटभट्ट्या, आणि पार सावनेरच्या बाजूला कोळसा खाणीतल्या मजुरांच्या चाळी. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर वाट शहरातून होती, आणि शहर तर मतदारसंघात नव्हतं. पहिल्या खासदारांनी कचेरी उघडली ती शहरातल्या सदर भागात. म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकायला त्यांना स्वतःच्या मतदारसंघाबाहेर जाऊन बसावं लागे. सदुसष्ट आणि एकाहत्तर अशा दोन निवडणुका झाल्या. त्यानंतर सीमा पुन्हा आखल्या गेल्या, उपनगरचे तीन तुकडे पडले आणि तीन शेजाऱ्यांना वाटून दिले गेले. कोणी मोर्चा काढला नाही की निवेदन दिलं नाही. बागांमध्ये घरांच्या प्लॉटचे ले-आउट पडले, विटभट्ट्या दूर सरकल्या आणि बोरनाल्याच्या पुलावरून सिटी बस जाऊ लागली.

एवढं लिहायला मास्तरांना दीड महिना लागला. "एका मेलेल्या मतदारसंघासाठी एवढा कागद," असं त्यांच्या पत्नी गोपिकाबाई म्हणत, पण चहा मात्र टेबलावर आणून ठेवत.

एकाहत्तरच्या उमेदवारांची यादी त्यांनी तक्त्यात दिली होती. अकरा नावं होती. नवव्या ओळीत लिहिलं होतं: सिंधू गजभिये, अपक्ष, चिन्ह शिडी, मते ३४१. खाली तळटीप दिली होती, की उमेदवारांत ह्या एकट्याच स्त्री होत्या. त्या ओळीबद्दल आणखी काही लिहायचं नाही, हे मास्तरांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. सिंधूताई मायाच्या सासूबाई. वाचनालयाला लागूनच त्यांचं घर. वाचनालयात जाता-येता मास्तर त्यांना नमस्कार करत, त्या "जय भीम, मास्तर" म्हणत, आणि एवढ्यावर वर्षानुवर्षं बरं चाललं होतं.

पण मायानं ती पानं घरी नेली आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी मास्तर बाकावर बसतात न बसतात, तोच निरोप आला.

सिंधूताई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. वय ऐंशी, अंगानं बारीक, आवाज मात्र वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"बसा, मास्तर. तुम्ही उपनगरचा इतिहास लिहून राहिले म्हणे."

"इतिहास कसला, चार पानं आहेत."

"त्या चार पानांत मी किती आहे?"

"एक ओळ," मास्तर म्हणाले. मग त्यांना ते कमी वाटलं. "आणि एक तळटीप."

सिंधूताईंना हसू आलं, पण त्यांनी ते फार वेळ टिकू दिलं नाही. "तीनशे एक्केचाळीस. मले पाठ आहे. आता मले एक सांगा. त्यातले बोरनाल्याचे किती?"

"ते कळायला मार्ग नाही, ताई. सदुसष्टला एकेका केंद्राची पेटी वेगळी मोजली होती. एकाहत्तरला पेट्या उघडून मतपत्रिका एकत्र मिसळल्या आणि मग मोजल्या. कोणत्या वस्तीनं कोणाला मत दिलं ते कोणाला समजू नये, म्हणून."

"मालूम आहे मले. म्हूनच तर चोपन्न वर्षं झाले, मी बसल्या बसल्या तेच जोडून राहिली. सावनेरकडं खाणीत माह्या भावाच्या ओळखीचे तीनशे मत पक्के होते. इकडून दहा, तिकडून वीस धरा. मंग बोरनाल्याचं उरते काय?" त्यांनी पदर सारखा केला. "माणसायचं मले काही नाई. त्यायनं तोंडावर सांगतलं होतं, का आम्ही पार्टीले देऊ. पण बाया? तीन वर्षं मी त्यायचा वर्ग घेतला विहारात. दुपारच्या वक्ताले, भांडेकुंडे आटपून येत. एकेकीले सही शिकवली, बसचा नंबर वाचाले शिकवला. मतदानाच्या दिवशी मी सावनेरकडच्या केंद्रायवर होती; परत आली तर सगळ्या म्हणत, सिंधू, तुलेच देल्लं. निकाल लागला आणि मी विहाराच्या पायरीवर उभी राहून त्यायले खोटारड्या म्हटलं. यमुनेले तर नाव घेऊन म्हटलं. वर्ग बंद केला तो केलाच."

यमुताई दोन गल्ल्या सोडून राहत होत्या, हे मास्तरांना माहीत होतं. विहारात दोघी एकाच ओळीत बसत, पण एकमेकींच्या घरी जात नसत, हे मायानं कधीतरी सांगितलं होतं.

"तुम्ही शिकलेले आहा," सिंधूताई म्हणाल्या. "कागदं पाहाले जाता. कुठं काही सापडलं तर पाहा. देल्लं होतं तर देल्लं म्हून छापा, नाई तर नाई म्हून छापा. पण मले आता मालूम पाहिजे."

मास्तरांनी मान हलवली. चोपन्न वर्षांपूर्वीचा सगळा घोटाळाही असंच मान हलवण्यातून झाला होता.

एकाहत्तरच्या मार्च महिन्यात ताराचंद नखाते बावीस वर्षांचे होते. प्राथमिक शाळेत नुकतेच लागले होते आणि निवडणुकीचं पहिलंच काम त्यांच्याकडे आलं होतं. बोरनाला केंद्रावर मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावायची, एवढंच. सकाळी पुरुष येऊन गेले. अकराच्या सुमारास बाया आल्या, धुतलेली लुगडी नेसून, एका ओळीत. सगळ्यांच्या पुढं तिशीची एक उंच बाई. तिनं डावा हात टेबलावर ठेवला. ताराचंदनं बोटाला शाई लावली. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा वर केला. अंगठा निळा होता. कपड्यांना घालायची नीळ, ओली, ताजी. पदराच्या टोकाला निळीची पुडीही बांधलेली दिसत होती. अंगठा तसाच धरून तिनं भुवया उंचावल्या, म्हणजे असंच नं?

घरच्या बायका सोडल्या तर तोवर ताराचंद कोणत्या बाईशी बोललेला नव्हता. ती काय विचारते आहे याचा त्यानं विचार केला नाही. रांग पुढं सरकावी म्हणून त्यानं मान हलवली. त्या बाईनं मागं वळून ओळीतल्या बायांकडं पाहिलं आणि तिनंही मान हलवली. दुपारी तीनपर्यंत निळे अंगठे येत राहिले.

दोन-तीन दिवसांनी मतमोजणीला त्याला संशयित मतपत्रिकांच्या टेबलावर बसवलं. ज्यांवर शिक्का नीट उमटलेला नाही, किंवा दोन चिन्हांवर पडला आहे, अशा मतपत्रिका तिथं येत. सुरुवातीला इकडच्या तिकडच्या आल्या. मग शिडीवर निळा अंगठा आला. मग दुसरा. मग गठ्ठेच येऊ लागले. त्या टेबलावरचे साहेब वर्ध्याकडचे होते, माणूस सज्जन. एक मतपत्रिका उजेडात धरून ते म्हणाले, "अंगठा बरोबर शिडीवर आहे हो. एक इंच इकडं नाही की तिकडं नाही." पण नियम स्पष्ट होता. सरकारी शिक्क्याशिवाय दुसरी कसलीही खूण असेल तर मत बाद. शेजारचा कारकून बोरनाल्याकडचाच होता, त्यानं कानाशी सांगितलं, की ती गजभिये बाई वर्गात बायांना नीळ लावून शिकवते, कारण शिक्का कुठून आणणार. सिंधूताईंचा एकुलता एक प्रतिनिधी, त्यांचा भाऊ, दुसऱ्या टेबलावर चांगली मतं मोजण्यात गुंतला होता. दोनशे अडुसष्ट मतपत्रिका झाल्या. ताराचंदनं स्वतः त्या दोऱ्यानं बांधल्या आणि वर चिठ्ठी लावली, 'बाद'.

सगळ्या पेट्या मिसळूनही बोरनाला ओळखू आला होता, पण फक्त त्या एका टेबलावर. आणि तिथल्या सगळ्यांनी लिहून दिलं होतं, की इथं पाहिलेलं बाहेर बोलणार नाही. पुष्कळजण असं लिहून देतात आणि संध्याकाळी पानठेल्यावर सगळं सांगतात. ताराचंद तसा नव्हता. लिहून दिलं म्हणजे दिलं. शिवाय गप्प राहायला एक सरकारी कारण मिळालं, याचं त्याला आतून बरंही वाटलं होतं. हे मास्तरांनी स्वतःशी कबूल केलं ते चाळिशी उलटल्यावर.

आणि आता ती बाई विचारत होती. सांगितलं तर वस्तीतल्या बाया खऱ्या ठरत होत्या. पण त्याच तोंडानं हेही सांगावं लागणार होतं, की मतं बाद झाली ती तुमच्याच शिकवण्यानं. ऐंशीव्या वर्षी एक दुःख काढून दुसरं हातात द्यायचं, याला काय म्हणावं?

दोन दिवस मास्तर वाचनालयात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी गोपिकाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या खाली पाहतच म्हणाल्या, "पुष्करचे बाबा, कालच्या वरणात मी मीठ घालाले विसरली. तुम्ही दोन वाट्या प्याले."

"लक्षात नाही आलं."

"तेच म्हणते मी. काय झालं ते सांगा, नाई तर शेंगा सोला."

मास्तर शेंगा सोलायला बसले आणि सोलता सोलता त्यांनी सगळं सांगितलं. निळीचं, दोनशे अडुसष्टांचं, लिहून दिल्याचं. मान हलवल्याचं तेवढं गाळलं.

"तुम्ही लिहून देल्लं ते कोणाले?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"सरकारला."

"कोणत्या मतदारसंघासाठी?"

"उपनगर."

"तो तर मोडला म्हणता. मतदारसंघच राहिला नाई, तर तुम्ही त्याचं गुपित धरून कोणासाठी बसले?"

नियमाच्या दृष्टीनं हे बरोबर नव्हतं. पण मास्तरांना त्यात खोट काढता येईना. "तिनं विचारलं, बाद काहून झाले, तर?"

"तर सांगा. ती काय काचेची आहे का? निवडणुकीले उभी राहिली होती बाई, अकरा माणसायच्या मधात."

"दहा," मास्तर म्हणाले. "अकरावी ती स्वतः."

"तुम्ही राहू द्या," गोपिकाबाई म्हणाल्या आणि सोललेल्या दाण्यांची वाटी उचलून आत गेल्या.

रविवारी अकरा वाजता मास्तर सिंधूताईंच्या ओसरीवर पोचले. तोंडानं सांगणं जमणार नाही म्हणून त्यांनी अर्धं पान लिहून आणलं होतं. ते पुढं केलं, तर सिंधूताई म्हणाल्या, "माहा चष्मा दुकानात टाकला आहे. तुम्हीच वाचा." माया दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी घसा साफ केला.

"'एकाहत्तरच्या निवडणुकीत बोरनाला केंद्रातील दोनशे अडुसष्ट स्त्रियांची मते बाद ठरविण्यात आली. ती सर्व मते शिडी या चिन्हावर होती.'"

ते थांबले. सिंधूताईंनी दोन्ही हात खाटेच्या काठावर टेकवले होते.

"पुढं वाचा."

"पुढं लिहिलेलं नाही."

"हे कुठं सापडलं?"

"सापडलं नाही. मी त्या टेबलावर होतो. गठ्ठा मी बांधला."

आत कुकरची शिट्टी झाली. माया जागची हलली नाही.

"दोनशे अडुसष्ट," सिंधूताई म्हणाल्या. "शिडीवर. बाद काहून झाले मंग?"

मास्तरांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "शिक्क्याच्या जागी अंगठा होता. निळीचा."

सिंधूताईंनी आपला उजवा अंगठा समोर धरून पाहिला. मग त्या हळू आवाजात बोलू लागल्या, जणू वर्गातल्या कोण्या पोरीला समजावून सांगत होत्या.

"तहसीलात गेली होती मी शिक्का मागाले. म्हटलं, बायाले दाखवाचा आहे. बाबू म्हणे, सरकारी वस्तू आहे, बाहेर भेटत नाई. मंग मी पाटीवर शिडी काढली. नीळ कालवली. म्हटलं, बायाहो, समजा हा अंगठा म्हणजे शिक्का आहे, असा लावा. समजा म्हटलं होतं मी."

समजा म्हटलं की काय होतं, हे मास्तरांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलं होतं. समजा तुमच्याकडे पाच आंबे आहेत म्हटलं, की पहिलीतलं एखादं पोर घरी जाऊन आंबे मागतं.

"चूक तुमची एकटीची नाही," ते म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना जमिनीकडे पाहावं लागलं. "केंद्रावर शाई लावायला मीच होतो. यमुताई पहिल्या आल्या. त्यांनी मला निळा अंगठा दाखवला, असंच करायचं नं, अशा अर्थानं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की आत शिक्का ठेवला आहे. मी मान हलवली."

"हो म्हटलं?"

"म्हटलं नाही. नुसती हलवली."

"बोलले काहून नाई?"

"बायकांशी बोलता येत नव्हतं तेव्हा."

"आता तरी कुठं येते," सिंधूताई म्हणाल्या.

माया हसली आणि मग आपण हसलो म्हणून गोरीमोरी झाली. पण सिंधूताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"एकीनंही शिक्का नाई मारला?"

"मारला असेल काहींनी. ती मतं तुमच्या तीनशे एक्केचाळीसमध्ये गेली."

"म्हणजे वर्गातल्या सगळ्या आल्या. आणि वर्गाच्या बाहेरच्याही. वर्गात तर माह्या साठच होत्या. साठींनी बाकीच्यायले शिकवलं." त्या थांबल्या. "मास्तर, त्या दिवशी घरोघरी नवरे सांगून राहिले होते, पार्टीले दे. बाहेर कागद लावला होता, शिक्का मारा म्हून. नवऱ्याचं नाई ऐकलं, सरकारचं नाई ऐकलं. माहं ऐकलं. मी जसं सांगतलं तसं, एक इंच इकडं नाई की तिकडं नाई."

साहेबांचे तेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मास्तर चमकले. पण ती आठवण त्यांनी स्वतःपाशीच ठेवली.

"माया, माह्या चपला दे. आणि मास्तर, तुम्ही चला संगं. मी सांगतलं तर ती म्हणेन, म्हातारी बरळून राहिली."

दोन गल्ल्या ओलांडायला त्यांना दहा मिनिटं लागली. सिंधूताईंनी मास्तरांच्या मनगटाला धरलं होतं, आणि लोक पाहत असतील या विचारानं मास्तर सारखे रस्त्याकडे पाहत चालत होते. यमुताई दारासमोरच्या उन्हात सतरंजीवर पाय पसरून मेथी निवडत होत्या. चौऱ्याऐंशीच्या वयातही बांधा उंच. समोर कोण उभं आहे ते पाहून त्यांचे हात थांबले.

"यमे," सिंधूताई म्हणाल्या, "तू मले मत देल्लं होतं वं."

"चोपन्न वर्षं मी दुसरं काय सांगून राहिली?"

"अंगठ्यानं देल्लं."

"मंग कायनं देऊ? तूच सांगतलं तसं."

"ते बाद झालं. सगळ्यायचे बाद झाले. शिक्का मारा लागत होता."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे मोजले नाई."

यमुताईंनी मेथीची एक काडी मोडली. "मोजले नाई ते त्यायनं. देल्ले तर होते आपण." मग त्यांचं लक्ष मास्तरांकडे गेलं. "हे कोण आहे?"

"मास्तर आहे. त्या दिवशीचा शाईवाला."

यमुताईंनी डोळ्यांवर हात धरून मास्तरांना नीट न्याहाळलं. "मी अंगठा दाखवला तर नंदीबैलावाणी मान हलवली ते हेच का?"

"हेच," मास्तर म्हणाले. "माझं चुकलं, यमुताई."

"मी तर घरी येऊन सांगतलं होतं, सरकारी माणूस मोठा चांगला आहे, काही खेकसला नाई." त्यांनी सतरंजीवर हात आपटून जागा दाखवली. "बसा. सिंधू, तू पण बस. का तसंच उभ्यानं जाचं आहे, मागच्यासारखं?"

सिंधूताई बसल्या. बसायला वेळ लागला, गुडघे आडवे आले. बसल्यावर त्यांनी मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

"मी तुले खोटारडी म्हटलं होतं."

"विहाराच्या पायरीवर. पाच जणींच्या समोर."

"सात होत्या."

"मले पाचच दिसल्या. डोळ्याले पाणी आलं होतं."

दोघी थोडा वेळ मेथी निवडत राहिल्या. आपण आता निघावं का, निघायचं तर काय म्हणून निघावं, याचा विचार मास्तर करत होते, तेवढ्यात सिंधूताई म्हणाल्या, "मास्तर, ती तळटीप खोडा माही. एकटी बाई उमेदवार होती, त्याचं काय घेऊन बसले. त्या जागी बायायचे नाव छापा. निळ्या अंगठ्याच्या."

"मत गुप्त असतं, ताई," मास्तर म्हणाले. "कोणी कोणाला दिलं ते छापता येत नाही."

"त्यात गुप्त काय आहे?" यमुताई म्हणाल्या. "अंगठा रंगवून सगळ्या रस्त्यानं गेल्या. अर्ध्या वस्तीनं पाह्यलं. तुम्ही एवढंच लिहा, का यायचे अंगठे निळे होते. लोक समजतीन त्यायले समजाचं ते."

मास्तरांना वाटलं, हे गोपिकेनं ऐकायला हवं होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ते अर्धं पान उलटून मांडीवर घेतलं.

"विहिरीकडून सुरू कर," यमुताई सिंधूताईंना म्हणाल्या. "पहिलं घर भागिरथीचं."

"भागिरथी. तिची सासू जनाबाई. मंग पार्बता."

"पार्बताच्या आधी कौसल्या. पार्बता गल्लीच्या तिकडं होती."

"तिकडं ती नंतर गेली, पोरगा खाणीत लागल्यावर. एकाहत्तरात इकडंच होती."

"बरं, लिहा, पार्बता. अनसूया. तुळसा, ते सासू नं सून दोघीही."

नावं येत होती, आणि त्यांच्या मागोमाग कोण कोणाची, कोण केव्हा गेली, कोणाची नात आता परिचारिका आहे, कोण अजून पोराकडे कोराडीला आहे आणि फोनवर ओळखते, हेही येत होतं. मागोमाग आलेली माया यमुताईंच्या घरातून चहा घेऊन आली आणि तिथंच टेकली. शेजारच्या दोन सुना दारात आल्या आणि आपल्या आजेसासूचं नाव आलं की नाही ते ऐकत उभ्या राहिल्या. अर्धं पान कधीच भरलं होतं. मास्तर आता मायानं दिलेल्या स्मरणिकेच्या जाहिरातीच्या पावत्यांच्या मागच्या बाजूला लिहीत होते, आणि तरी त्यांचा हात मागं पडत होता.

"थोडं हळू सांगा," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. सगळ्या बायांनी वळून पाहिलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं, तरी ते पुन्हा म्हणाले, "तुळसाच्या नंतर कोण?"

"द्वारका," यमुताई म्हणाल्या.

"द्वारका नाई," सिंधूताई म्हणाल्या. "तिनं मले देल्लं नसन. तिचा नवरा पार्टीचा झेंडा घेऊन फिरे."

"नवरा फिरे. ती माह्या मागं उभी होती रांगेत. माह्याच पुडीतली नीळ घेतली तिनं."

सिंधूताई मेथीकडे पाहत राहिल्या. द्वारकेशी त्या किती वर्षं बोलल्या नव्हत्या आणि द्वारका जाऊन किती वर्षं झाली होती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"लिहा, मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या. "पुरं नाव लिहा तिचं. द्वारका सुखदेव ढोके."

मास्तरांनी लिहिलं. यमुताई पुढच्या घराकडे वळल्या होत्या.